पंप बदलून नफा वाढतो का? खुलताबादच्या गाडीवाल्यांसाठी पेट्रोलचा खरा हिशेब



मागच्या व्हिडिओत आपण गाडीचा खर्च "लिटरला किती" असा न काढता "किलोमीटरला किती" असा काढायला शिकलो. त्यावर खुलताबादच्या एका बंधूंचा प्रश्न आला. त्यांची पर्यटकांची गाडी आहे, वेरूळ, दौलताबाद, म्हैसमाळ अशा फेऱ्या असतात. त्यांनी विचारलं, "सर, सरकारी कंपनीच्या पंपावर भरू की खासगी? आणि ते महागाचं पेट्रोल टाकलं की अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणतात, ते खरं का?"

उत्तर आधी सांगतो, कारण मग सांगतो. साधं पेट्रोल घेताना पंपावरच्या पाटीचं नाव बघून जास्त पैसे देऊ नका. महागाचं पेट्रोल तुमच्या गाडीला परवडतं का, ते कागदावर मांडा, पाच मिनिटांत कळतं. आणि दर्जाची काळजी करायचीच असेल तर ती कंपनीची नको, पंप कसा ठेवलाय याची करा.

आता कारण बघू. आपल्या भागात पेट्रोल येतं कुठून? मनमाडजवळच्या पानेवाडीतून. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांचे मोठे साठे तिथे आहेत. भारत पेट्रोलियमची मुंबईहून येणारी पाइपलाइन मनमाडवरूनच पुढे उत्तरेकडे जाते. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध टँकर ड्रायव्हर बंधूंनी काम थांबवलं, तेव्हा पानेवाडीतून टँकर निघाले नाहीत आणि संभाजीनगरात पंपांवर रांगा लागल्या. पाटी कोणतीही असो, रांग सारखीच होती. माल एकाच गावाहून येतो म्हटल्यावर दुसरं काय होणार?

शिवाय या कंपन्या एकमेकींकडून माल घेतात. जिची रिफायनरी किंवा साठा जवळ, तिच्याकडून उचलायचं आणि दुसरीकडे तेवढंच परत द्यायचं. वाहतूक वाचते. म्हणजे निळ्या पाटीच्या पंपात पडलेलं साधं पेट्रोल पिवळ्या पाटीवाल्याच्या रिफायनरीत तयार झालेलं असू शकतं. आणि देशात विकलं जाणारं प्रत्येक पेट्रोल, सरकारी असो की खासगी, भारतीय मानक ब्युरोच्या एकाच मानकात बसावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हा पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली. ती सगळ्यांनाच आली. कुणाचं "शुद्ध" आणि कुणाचं "साधं" असं राहिलं नाही.

मग भावात फरक का दिसतो?

सरकारी तिघींच्या भावात फरक पैशांचा. डेपोपासून पंपापर्यंतचं भाडं गावागणिक बदलतं, म्हणून शहरातला आणि तालुक्यातला आकडा थोडा वेगळा दिसतो. खरी गंमत खासगी पंपांच्या भावात आहे, आणि ती धंदा करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी.

पेट्रोलचे भाव सरकारने २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागले. कागदावर सगळं बाजारावर सोडलेलं. पण एप्रिल २०२२ पासून सरकारी कंपन्यांनी आपला भाव जवळपास दोन वर्षं हलवला नाही (मधे कर कमी झाले तेवढाच फरक), कच्चं तेल कितीही वर-खाली होवो. तेल महाग होतं तेव्हा खासगीवाल्यांची अडचण झाली. सरकारी भावात विकावं तर तोटा, वर विकावं तर गिऱ्हाईक जातं. कुणी भाव चढे ठेवले, कुणी विक्रीच आखडती घेतली. शेवटी जून २०२२ मध्ये सरकारला नियम करावा लागला की खासगी पंपांनीही ठरलेल्या वेळेत पुरेसा साठा ठेवून विक्री चालू ठेवलीच पाहिजे.

पुढच्याच वर्षी वारं फिरलं. तेल स्वस्त झालं, पण सरकारी कंपन्या जुना तोटा भरून काढत होत्या, म्हणून भाव खाली आणेनात. ती फट खासगीवाल्यांनी पकडली. मे-जून २०२३ मध्ये जिओ-बीपीने डिझेल आणि नायराने पेट्रोल-डिझेल दोन्ही सरकारी पंपापेक्षा लिटरमागे रुपयाने कमी दरात विकलं. म्हणजे तोच माल, एका वर्षी खासगीकडे महाग आणि पुढच्या वर्षी खासगीकडे स्वस्त. दर्जा काही वर्षभरात बदलला नव्हता. बदललं ते एवढंच, की तोटा सोसायची ताकद कुणात किती दिवस होती. २००८ मध्ये तर रिलायन्सने याच कारणासाठी देशभरातले आपले पंप बंद केले होते. सरकारी कंपन्यांना मदत मिळत होती, यांना नव्हती. तुमच्या गल्लीत कुणी मोठा खेळाडू खरेदीच्या भावाखाली माल विकायला बसला, तर त्याच्याशी भावावर भांडायला जाऊ नका असं मी कायम सांगतो. इथे रिलायन्ससारख्या रिलायन्सने शटर ओढलं, आपली काय कथा!

इंग्लंडमध्ये हाच वाद "सुपरमार्केटचं पेट्रोल की ब्रँडचं" असा चालतो. तिथे टेस्को, असडा, सेन्सबरीज, मॉरिसन्स यांच्या दुकानाबाहेर पंप असतात आणि भाव बहुधा कमी असतो. कारण सरळ आहे: पेट्रोल स्वस्त दिलं की गिऱ्हाईक आवारात येतं आणि किराण्याची ट्रॉली भरून जातं. लोकांना शंका येते की स्वस्त म्हणजे हलकं असेल. पण मानक तिथेही सगळ्यांना एकच. उलट तिथल्या स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये अहवाल दिला, की २०१९ ते २०२२ या काळात याच सुपरमार्केटांनी लिटरमागचा नफा सरासरी ६ पेन्सने वाढवला होता. स्वस्तवाला कायम स्वस्तच राहील असं नाही, हे तिथेही दिसलं. आपल्याकडे २०१९ मध्ये नियम सैल झाले, तेल कंपनी नसलेल्यांनाही पंपाच्या धंद्यात यायची वाट मोकळी झाली. पण खुलताबादला किराण्याच्या दुकानाशेजारी पेट्रोल मिळायला अजून वेळ आहे, तेव्हा आपल्या प्रश्नाकडे येऊ.

महागाचं पेट्रोल

एक्सपी ९५, स्पीड, पॉवर अशा नावांनी मिळतं ते. यात दोन गोष्टी वेगळ्या असतात: ऑक्टेन आणि इंजिन साफ ठेवणारी रसायनं.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटून "टकटक" होऊ नये, यासाठीचा तो आकडा आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ९१ पुरेसं म्हटलं असेल तर ९५ टाकून इंजिन जास्त जोरात धावणार नाही. बैलाला पुरेशी वैरण असताना दुप्पट टाकली म्हणून तो दुप्पट नांगरत नाही. त्यात आता एक नवीन गोष्ट झाली आहे. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं आणि इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचंच ऑक्टेन ९५ झालं, असं खुद्द पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. मग निव्वळ "९५" या आकड्यासाठी जादा पैसे कशाला?

राहिली रसायनं. त्यांचा उपयोग आहे. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी कमी बसते. जुनी, सर्व्हिसिंग चुकवलेली गाडी असेल तर फरक जाणवू शकतो. पण नीट ठेवलेल्या गाडीत अ‍ॅव्हरेज एकदम उडी मारेल ही आशा सोडा. जादा भावातला काही भाग करातही जातो. ब्रँडेड पेट्रोलवर मूळ उत्पादन शुल्कच जास्त लागतं. २०२१ च्या अर्थसंकल्पात साध्यावर लिटरला १ रुपया ४० पैसे होतं, तर ब्रँडेडवर २ रुपये ६० पैसे. त्यावर आपल्या राज्याचा व्हॅट टक्केवारीने, म्हणजे मूळ किंमत वाढली की तोही वाढतो.

आता वही काढा. साधं १०५ रुपये आणि महागाचं ११२ धरू. हे आकडे फक्त हिशेबासाठी, तुमच्या पंपावरचे तुम्ही घाला. गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर चालते, अ‍ॅव्हरेज १५. म्हणजे १०० लिटर, १०,५०० रुपये. महागाचं तेवढंच लागलं तर ११,२०० रुपये. बरोबरी साधायला किती अ‍ॅव्हरेज हवं? १६. पूर्ण एक किलोमीटर वाढलं तर तुम्ही फक्त मूळ जागेवर येता, फायदा त्यानंतर सुरू होतो. दौलताबादचा घाट रोज चढणाऱ्या गाडीला नुसत्या पेट्रोलने १५ चं १६ होईल, असं मला वाटत नाही. तेच ७०० रुपये टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि वेळेवरच्या ऑइलवर घाला. घाटात त्याचा उपयोग जास्त होईल.

इथेनॉलने अ‍ॅव्हरेज घटतं का, हे विचारणारे बरेच असतात. घटतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे, आणि इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्या गाड्यांना १ ते २ टक्के. तुमची गाडी जुनी असेल तर पर्यटकांना सांगायचा किलोमीटरचा दर याच हिशेबाने पुन्हा बघा. चार वर्षांपूर्वीच्या अ‍ॅव्हरेजवर आजचा दर सांगत असाल तर खिशातून जातंय.

आणि रुपयाने स्वस्त पंप? महिन्याला १०० लिटरवर १०० रुपये वाचतात, वाईट नाही. पण तो रस्त्यावर असेल तरच. वाट सोडून ५ किलोमीटर आत असेल, तर जाऊन-येऊन १० किलोमीटर म्हणजे ७० रुपयांचं पेट्रोल, आणि ३० लिटर भरून वाचले ३०. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावर क्रेडिट मिळत नाही, पण खर्च दाखवायला बिल घ्याच. ओळखीचा पंपवाला महिन्याची उधारी देत असेल तर त्याचीही किंमत धरा. पर्यटनाच्या धंद्यात पैसे उशिरा येतात, पेट्रोल मात्र रोज लागतं.

दर्जाचा घोळ होतो तो टाकीपासून नोझलपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल ते ओढून घेतं, प्रमाण वाढलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि ते तुमच्या गाडीत आलं की गाडी बंद. म्हणून ज्या पंपावर गाड्यांची ये-जा जास्त, तिथे माल ताजा राहतो. मापाचंही तसंच. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्राच्या आतच फेरफार करून कमी पेट्रोल देण्याचे प्रकार निघाले होते.

तुम्हाला शंका आली तर पंपावर ५ लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप मागा. त्यात २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार करा. फिल्टर पेपर मागा, नोझलचं तोंड पुसून त्यावर एक थेंब टाका. उडून गेल्यावर डाग राहिला तर काहीतरी गडबड आहे. घनता विचारा. नोंदवलेल्या घनतेपेक्षा ३ अंकांहून जास्त फरक निघाला तर प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भांडू नका, "साहेब, जरा माप दाखवता का?" एवढंच म्हणा. चांगला पंपवाला लगेच काढून दाखवतो, आणि टाळाटाळ झाली तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

पुढचे दोन महिने एवढं करा. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. किती लिटर बसलं त्याने चाललेले किलोमीटर भागा. चार-पाच वेळा झालं की सरासरी काढा आणि मग पंप बदलून तेवढ्याच वेळा करा. भद्रा मारुतीला पायी येणाऱ्यांची श्रावणी शनिवारची गर्दी आणि घृष्णेश्वरचे सोमवार वेगळ्या पानावर ठेवा. त्या दिवशी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते, तो आकडा सरासरीत घातला तर पंपाला उगाच दोष लागेल.