अपात्र संगणकावर विंडोज ११

मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ही ऑपरेटिंग सिस्टीम ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आणली आणि तिच्यासोबत पात्रतेची यादीही जाहीर केली. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय पद्धतीचे फर्मवेअर, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० आणि मान्यताप्राप्त यादीतला प्रोसेसर अशा तिच्या मुख्य अटी आहेत. ही प्रोसेसरची यादी साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. त्यामुळे २०१७ च्या आधीचे घरगुती डेस्कटॉप जवळजवळ सरसकट अपात्र ठरले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर या संगणकांच्या मालकांपुढे प्रश्न उभा राहिला आणि अपात्र संगणकावर विंडोज ११ टाकण्याचे काम घरोघरी होऊ लागले.

हे काम जमते, कारण सेटअप ज्या अटींवर अडवतो त्या सगळ्याच अटी सिस्टीमला चालण्यासाठी लागत नाहीत. टीपीएम हा गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारा घटक आहे. तो स्वतंत्र चिपच्या रूपात असतो किंवा प्रोसेसरसोबतच्या फर्मवेअरमध्ये. सिक्युअर बूट संगणक सुरू होताना फक्त सही तपासलेला कोडच चालू देते. दोन्ही गोष्टी सुरक्षेसाठी मोलाच्या आहेत, पण त्या नसल्या तरी विंडोज ११ सुरू होते. प्रोसेसरच्या अटीमागे एक कारण वेगाचे आहे. ‘मेमरी इंटिग्रिटी’ या संरक्षणासाठी नव्या प्रोसेसरांत खास सोय असते. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधी ती नव्हती, म्हणून तेच काम सॉफ्टवेअरला करावे लागते आणि संगणक मंदावतो. हे संरक्षण बंद ठेवता येते.

इंटेल कोअर आय५-४४६० प्रोसेसर आणि एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड असलेला संगणक हे या प्रकाराचे नेमके उदाहरण आहे. २०१४ च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग घेऊन जोडलेले असे संगणक आजही अनेक घरांत चालू आहेत. चार कोअर आणि ३.२ गिगाहर्ट्झ वेग रोजच्या कामाला पुरतो, पण यादीत चौथी पिढी नाही. मदरबोर्डवर बहुधा टीपीएमची चिपही नसते, फक्त ती बसवण्यासाठी पिनांची जागा असते.

काम सुरू होते ते तपासणीपासून. ‘रन’च्या चौकटीत टीपीएम.एमएससी लिहिले की टीपीएम आहे का आणि कोणत्या आवृत्तीचे आहे ते कळते. एमएसइन्फो३२ मधल्या ‘बायोस मोड’ या ओळीत ‘लेगसी’ किंवा ‘यूईएफआय’ असे उत्तर मिळते. टीपीएम सापडले नाही म्हणजे ते नाहीच असे नसते. अनेक मदरबोर्डांवर ते बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या बोर्डांवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाखाली ते शोधून चालू करता येते. काही संगणकांचे काम एवढ्यावरच भागते.

संगणक लेगसी पद्धतीने चालत असेल तर डिस्कची विभागणी बहुधा एमबीआर प्रकारची असते. ती यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी प्रकारात बदलण्यासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी हे साधन दिलेले आहे. त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी डिस्क बदलायची, मग बायोसमध्ये लेगसी पद्धत चालू देणारे सीएसएम बंद करून यूईएफआय चालू करायचे. उलट केले तर संगणकाला सुरू होण्यासाठी डिस्कच सापडत नाही. फार जुने ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो, कारण अशा कार्डांच्या फर्मवेअरमध्ये यूईएफआयची सोय नसते. ते कार्ड काढून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम करणे हा त्यावरचा सोपा उपाय.

पुढचा टप्पा बॅकअपचा. कागदपत्रे, फोटो, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर घ्यावे लागतात. ड्राइव्हवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी लागते. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी साटा एसएसडी बसवली तर दोन कामे एकदम होतात. जुनी सिस्टीम जशीच्या तशी बाजूला राहते, आणि जुन्या संगणकाचा वेग प्रोसेसरपेक्षा हार्ड डिस्कमुळेच अधिक अडलेला असल्याने फरक लगेच जाणवतो.

नंतर पेन ड्राइव्ह तयार केला जातो. विंडोज ११ ची आयएसओ फाइल मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळते. अनोळखी ठिकाणची, ‘आधीच सुधारलेली’ आयएसओ घेणे धोक्याचे असते, कारण तिच्यात आणखी काय भरले आहे हे तपासणे घरच्या वापरकर्त्याला शक्य नसते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. तो बनवण्यासाठी पीट बटार्ड यांचे रुफस हे मोफत साधन सर्रास वापरले जाते. फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. म्हणून रुफस पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करते आणि तो यूईएफआयला वाचता यावा यासाठी सोबत एक छोटा विभाग जोडते. ‘स्टार्ट’ दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमच्या अटी काढून टाकण्याचा पर्याय असतो.

इथून दोन वाटा फुटतात. पहिली, चालू विंडोज १० वरच अपग्रेड करण्याची. तिच्यासाठी रजिस्ट्रीत ‘सिस्टम’, ‘सेटअप’ आणि त्याखाली ‘मोसेटअप’ या जागी ‘अलाउअपग्रेड्सविथअनसपोर्टेडटीपीएमऑरसीपीयू’ नावाची नोंद करून तिची किंमत १ ठेवतात. ही युक्ती सुरुवातीला खुद्द मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मदतीच्या माहितीत दिली होती. मात्र तिला निदान टीपीएम १.२ लागते. या वाटेने प्रोग्रॅम आणि फाइली जागच्या जागी राहतात. जुनी सिस्टीम ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते.

दुसरी वाट कोऱ्या डिस्कवर नव्याने टाकण्याची, म्हणजे ‘फॉरमॅट मारण्याची’. टीपीएम अजिबात नसलेल्या संगणकाला हीच सोयीची. रुफस न वापरता साध्या पेन ड्राइव्हवरून सुरुवात केली तर ‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन सेटअप थांबतो. तिथे शिफ्ट आणि एफ१० दाबल्यावर कमांडची काळी खिडकी उघडते. रेजएडिट चालवून ‘सेटअप’ खाली ‘लॅबकॉन्फिग’ नावाची नवी की बनवायची आणि तिच्यात बायपासटीपीएमचेक व बायपाससिक्युअरबूटचेक या नोंदींना १ ही किंमत द्यायची. रॅम कमी असेल तर बायपासरॅमचेकही लागते. मग एक पायरी मागे जाऊन पुन्हा पुढे गेले की तोच सेटअप वाट देतो.

डिस्क निवडण्याच्या पडद्यावर घाई चालत नाही, कारण पुसलेला विभाग सहज परत मिळत नाही. संगणकात दुसरी डिस्क असेल तर तिची साटा केबल तेवढ्यापुरती काढून ठेवतात. नाहीतर सेटअप कधीकधी सुरू होण्याच्या फाइली त्या दुसऱ्या डिस्कवर टाकतो आणि पुढे ती काढली की संगणक सुरूच होत नाही. फाइली उतरल्यावर संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होतो. त्या वेळी पेन ड्राइव्ह काढला नाही किंवा बूटचा क्रम बदलला नाही तर सेटअप पहिल्या पडद्यापासून परत सुरू होऊ शकतो. सगळे संपल्यावर देश, कीबोर्ड आणि खाते विचारले जाते. त्याच मदरबोर्डवर आधी विंडोज १० सक्रिय असेल आणि आवृत्ती तीच, म्हणजे होमच्या जागी होम किंवा प्रोच्या जागी प्रो असेल, तर इंटरनेट जोडल्यावर परवाना बहुधा आपोआप लागू होतो.

त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळ्या खुणा पाहिल्या जातात. नेटवर्क, आवाज आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर बरेचदा विंडोज अपडेटमधून येतात. न आल्यास मदरबोर्ड बनवणाऱ्याने विंडोज १० साठी दिलेले ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतात. सेटिंग्जमध्ये, आणि कधी डेस्कटॉपच्या कोपऱ्यातही, सिस्टीमच्या अटी पूर्ण होत नसल्याची सूचना दिसते. तिने कामात अडथळा येत नाही.

खरी जबाबदारी अपडेटची. अपात्र संगणकाला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, हे मायक्रोसॉफ्टने आधीच सांगितले आहे. प्रत्यक्षात दरमहाची सुरक्षा अपडेट्स अशा संगणकांवर येत आली आहेत, पण वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती सहसा आपोआप येत नाही. घरगुती वापराच्या होम आणि प्रोमध्ये अशा प्रत्येक मोठ्या आवृत्तीला दोन वर्षांचा आधार असतो. त्यांतल्या २३एच२ या आवृत्तीचा आधार ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला. म्हणून नवी आयएसओ उतरवून, अटी पुन्हा चुकवून अपग्रेड करण्याचे काम मालकाला ठरावीक काळाने स्वतःच करावे लागते. ते टाळले तर संगणक चालू दिसतो, पण त्याची सुरक्षा थांबलेली असते.

काही अटी मात्र चुकवता येत नाहीत. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोजच्या गाभ्यालाच एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या प्रोसेसरच्या सूचना लागतात. कोअर २ ड्युओ आणि कोअर २ क्वाडमध्ये त्या नाहीत, त्यामुळे तिथे रजिस्ट्रीतली कोणतीही नोंद उपयोगी पडत नाही. आय५-४४६० मध्ये दोन्ही आहेत. जिथे त्या नाहीत, किंवा दर वेळी हाताने अपग्रेड करण्याची तयारी नाही, तिथे दोन पर्याय उरतात. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स घेतली तर नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते. त्यापुढेही तोच संगणक वापरायचा असेल तर टीपीएमची अट नसलेले लिनक्स मिंटसारखे लिनक्सचे वितरण टाकता येते.