कचऱ्याचाही हिशेब
घातक व अल्प किरणोत्सारी कचऱ्याच्या व्यवस्थापनाविषयी



या अहवालाच्या आधीच्या पानांवर वर्षभरात तपासलेले रुग्ण, पार पडलेल्या शस्त्रक्रिया, मिळालेल्या देणग्या व जमाखर्च यांचा तपशील आपण पाहिला असेल. रुग्णालयात काय आले व त्याचे काय झाले, हे त्यावरून कळते. मात्र रुग्णालयाच्या मागील दाराने दररोज काय बाहेर जाते, याचा उल्लेख अशा अहवालांत सहसा आढळत नाही. औषधांइतकीच त्याचीही जबाबदारी आमच्यावर असते. शिवाय अहवाल वर्षात या कामात आमच्याकडून एक चूक घडली. ती आपल्यापुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. त्यासाठी प्रथम हे काम कसे चालते ते सांगितले पाहिजे.

कचऱ्याचे रंग

रुग्णालयातील बराचसा कचरा घरातल्यासारखाच असतो : कागद, खोकी, स्वयंपाकघरातील उरलेले अन्न. उरलेल्या घातक भागासाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी चार रंग ठरवून दिले आहेत. रक्ताने माखलेला कापूस, शरीराचे काढलेले भाग व मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या व तत्सम प्लॅस्टिक लाल पिशवीत. सुया व पाती न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काच व धातूचे रोपण निळ्यात. प्रत्येक पिशवीवर बार-कोड लागतो आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी तो घेऊन जाते. कर्करोगावरील औषधांचे उरलेले अंश मात्र वेगळ्या खुणेने द्यावे लागतात, कारण त्यांच्या नाशासाठी भट्टीचे तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते.

या सर्व कचऱ्याचे तत्त्व एकच आहे : लवकर वेगळा करा, लवकर बाहेर पाठवा आणि उष्णतेने अथवा रसायनाने निरुपद्रवी करा. किरणोत्सारी कचऱ्याच्या बाबतीत यांतील दोन गोष्टी लागू पडत नाहीत.

किरणोत्सार कोठून येतो

अनेक नातेवाईक एक्स-रे अथवा सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर धास्तावलेले दिसतात. वस्तुतः ही यंत्रे विजेवर चालतात. बटण बंद झाले की किरण थांबतात आणि मागे किरणोत्सारी असे काहीही उरत नाही. किरणोत्सारी कचरा निर्माण होतो तो न्यूक्लिअर मेडिसिन विभागात. तेथे किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शरीरात दिले जाते. हाडे, हृदय व मूत्रपिंड यांच्या तपासणीसाठी टेक्नेशियम-९९एम, पेट स्कॅनसाठी फ्लोरीन-१८ आणि थायरॉईडच्या आजारांवर, विशेषतः थायरॉईडच्या कर्करोगावर, आयोडीन-१३१ वापरतात. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले, तेव्हापासून या उपचारांचा आपल्या राज्याला परिचय आहे.

औषध दिल्यानंतर सुया, हातमोजे, कापूस, रुग्णाचे कपडे, उष्टे अन्न व मलमूत्र यांत त्याचा अंश उतरतो. हा कचरा अल्प किरणोत्सारी गणला जातो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु त्याला साधा कचरा समजण्याचीही मुभा नाही.

काळ हाच उपाय

जंतू उकळत्या पाण्याने मरतात, रसायन दुसऱ्या रसायनाने निष्प्रभ करता येते. किरणोत्सारावर अग्नी, पाणी वा रसायन यांपैकी कशाचाच परिणाम होत नाही. आयोडीन असलेली पिशवी भट्टीत टाकल्यास पिशवी जळेल, पण आयोडीन वाफेच्या रूपाने धुराड्यातून हवेत जाईल. उपाय एकच : वाट पाहणे.

आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हाला हा हिशेब घसाऱ्याच्या उदाहरणाने समजला. यंत्राच्या उरलेल्या किमतीवर दरवर्षी ठराविक टक्के घसारा धरला, तर पुस्तकी किंमत घटत जाते, परंतु एकदम शून्य होत नाही. किरणोत्साराचे तसेच आहे. फक्त घसारा ५० टक्के आणि त्याचा कालावधी निसर्गाने ठरविलेला. या कालावधीस अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस आहे. आज जेवढा किरणोत्सार आहे, तो ८ दिवसांनी निम्मा, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी आठवा हिस्सा आणि ८० दिवसांनी, म्हणजे दहा अर्धायुष्यांनंतर, हजाराव्या हिश्श्याहूनही थोडा कमी उरतो. टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तासांचे असल्याने तोच पल्ला अडीच दिवसांत, तर ११० मिनिटांच्या फ्लोरीनबाबत साधारण १८ तासांत गाठला जातो.

म्हणून प्रत्येक पिशवीवर औषधाचे नाव, बंद केल्याची तारीख व त्या दिवशीचे मापन लिहून ती शिशाचे अस्तर असलेल्या पेटीत, कुलूपबंद खोलीत ठेवली जाते. अन्न सडू नये म्हणून उष्ट्याच्या पिशव्या शीतपेटीत राहतात. मुदत संपल्यावर केवळ तारखेवर विसंबून न राहता मापकाने पुन्हा तपासणी होते. मापन परिसरातील नैसर्गिक किरणोत्साराच्या पातळीस आले, की पिशवीवरील किरणोत्साराची खूण खोडली जाते आणि मगच ती पिवळ्या अथवा लाल पिशव्यांच्या मार्गाने जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी किरणोत्सारी कचरा आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. म्हणजे एकच पिशवी आधी एका नियमाखाली महिनोन्‌महिने थांबते व नंतर दुसऱ्या नियमाखाली ४८ तासांत बाहेर पडते.

तळघरातील टाक्या

पिशवी कपाटात ठेवता येते, सांडपाण्याचे काय? आयोडीनची मोठी मात्रा घेतलेल्या थायरॉईड कर्करोगाच्या रुग्णाच्या शरीरातून तिचा बहुतांश भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून या रुग्णांना स्वतंत्र खोलीत ठेवतात. त्या खोलीच्या स्वच्छतागृहाची नळवाहिनी इमारतीच्या इतर कोणत्याही वाहिनीस जोडलेली नाही. ती थेट तळघरातील डिले टँकमध्ये उतरते. अशा दोन टाक्या आहेत. एक भरली की ती बंद करून दुसरी सुरू करतात. बंद टाकीतील पाणी ठराविक काळ थांबते, त्याचा नमुना मोजला जातो आणि मर्यादेत असल्याची खात्री झाल्यावरच ते सांडपाण्यात सोडले जाते.

या टाक्यांशी रुग्णांचा संबंध अनेकांच्या लक्षात येत नाही. आयोडीन उपचारासाठी थांबावे लागले, तर नातेवाईक विचारतात, “खोली रिकामी दिसते आहे, मग दाखल का करून घेत नाही?” खोली रिकामी असते, पण एक टाकी भरत आलेली असते व दुसरीची मुदत पुरी झालेली नसते. अहवाल वर्षात असे प्रसंग वारंवार आले. एकदा तर एका ज्येष्ठ हितचिंतकांनीही चार दिवस आधी टाकी सोडण्याविषयी विचारणा केली. त्यांचा हेतू रुग्णाच्या भल्याचाच होता. तथापि आम्हाला नम्रपणे नकार द्यावा लागला. डॉक्टरांनी रुग्णाची प्रकृती पाहून पुढील तारीख दिली व उपचार त्यानुसार पार पडला. आठ दिवसांच्या अर्धायुष्यात ओळख, शिफारस वा तातडी यांमुळे एका तासाचीही सूट मिळत नाही.

अहवाल वर्षातील एक चूक

गणेशोत्सवाच्या सुट्टीत आयोडीन कक्षाचे नेहमीचे सफाई कर्मचारी गावी गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या बदली कामगाराने कक्षातील कागदी ताटल्या व उष्ट्याची एक पिशवी नेहमीच्या पिवळ्या पिशव्यांच्या गाड्यात ठेवली. ती कचरा साठवण खोलीपर्यंत गेली. गाडी येण्यापूर्वी आमचे तंत्रज्ञ मापक घेऊन तेथे फेरी मारतात. त्या फेरीत मापक वाजले. पिशवी ताबडतोब परत आणून पेटीत ठेवण्यात आली, खोली व गाडा तपासण्यात आला आणि किरण सुरक्षा अधिकाऱ्यांनी घटनेची रीतसर नोंद केली. कोणासही इजा झाली नाही व पिशवी आवाराबाहेर गेली नाही.

चौकशीत असे आढळले की बदली कामगाराने सांगितलेले सर्व काम नीट केले होते. त्या पिशवीविषयी त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या प्रशिक्षणाच्या वहीत केवळ कायम कर्मचाऱ्यांच्या सह्या होत्या, आणि ती वही दर तिमाहीस तपासून सही करण्याचे काम प्रशासनाचे, म्हणजे आमचेच होते. सह्या पूर्ण आहेत एवढेच आम्ही पाहत आलो. कोणाच्या सह्या असायला हव्या होत्या, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. सबब, त्या कामगारावर कोणतीही कारवाई करण्यात आली नाही.

यानंतर तीन बदल करण्यात आले. कंत्राटी व बदली कामगारांसह प्रत्येकास कक्षात पाऊल ठेवण्यापूर्वी मराठीत व हिंदीत प्रत्यक्ष दाखवून प्रशिक्षण दिले जाते. कक्षातील पिशवी आता केवळ तंत्रज्ञांच्या हातूनच बाहेर निघते. तसेच तंत्रज्ञांच्या फेरीवर विसंबून न राहता साठवण खोलीच्या दारातच कायमस्वरूपी मापक बसविण्यात आला आहे.

नोंद हरवल्याची किंमत

एका उष्ट्याच्या पिशवीस इतके महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्या पिशवीतील किरणोत्सार अल्प होता, हे खरे. परंतु मोठ्या दुर्घटनांची सुरुवातही अशाच नजरचुकीने झालेली आहे. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका बंद पडलेल्या किरणोपचार केंद्रात सोडून दिलेले सीझियम-१३७ चे उपकरण भंगार वेचणाऱ्यांच्या हाती लागले. आतील चमकणारी भुकटी कुतूहलापोटी घरोघरी वाटली गेली; चार जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे २५० जणांना बाधा झाली. आपल्या देशात २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० आढळले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील अनेक वर्षे न वापरलेले उपकरण जुन्या सामानासोबत लिलावात विकले गेले होते. त्यात एका कामगाराचा बळी गेला व इतर सात जण बाधित झाले.

ती उपकरणे अतिशय तीव्र किरणोत्साराची होती. आमच्या पिशवीशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. साम्य आहे ते एवढेच, की तेथेही अखेर ती वस्तू ज्यांच्या हाती पडली, त्यांना ती काय आहे हे कोणी सांगितलेले नव्हते. डेडस्टॉकच्या वहीतून एखादी वस्तू ‘निरुपयोगी’ म्हणून कमी करण्यापूर्वी तिच्यात काय आहे हे पाहणे, हे हिशेबनिसाचेही काम आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी

आयोडीन उपचारानंतर रुग्णास घरी सोडताना लेखी सूचना दिल्या जातात, त्या कृपया जपून ठेवाव्यात. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून रुग्णाने अंतर राखावे. शौचालय वापरल्यावर दोनदा पाणी सोडावे, कपडे वेगळे धुवावेत. वृद्ध रुग्णास डायपर वापरावा लागत असेल, तर ते घंटागाडीत न टाकता आमच्या विभागास आधी विचारावे. रुग्णाशी बोलण्यास, त्याच्याबरोबर ठरावीक अंतरावर बसण्यास काहीही हरकत नाही. त्याला वाळीत टाकल्यासारखे वागवू नये. इन्सुलिनच्या सुया मात्र कोणत्याही घरातून उघड्या कचऱ्यात जाऊ नयेत. जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात भरून द्याव्यात, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या हातांना इजा होणार नाही.

आमचे कर्मचारी छातीवर जो बिल्ला लावतात, त्याचे वाचन दर तीन महिन्यांनी होते. किरणोत्साराशी संबंधित कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, तर सामान्य नागरिकांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. अहवाल वर्षात आमच्या एकाही कर्मचाऱ्याचे वाचन मर्यादेबाहेर गेले नाही, हे नमूद करताना समाधान वाटते.

एक विनंती

या व्यवस्थेसाठी उत्पन्नाची बाजू नाही. मापकांची नियमित प्रमाणतपासणी, टाक्यांची देखभाल, प्रशिक्षण व सुरक्षा अधिकाऱ्यांचे वेतन हा सारा खर्च आहे, आणि रुग्णाच्या देयकात तो स्वतंत्रपणे लावावा असे आम्हाला वाटत नाही. तिसरी डिले टँक बांधता आली, तर आयोडीन उपचारासाठीची प्रतीक्षा निश्चितच कमी होईल. विश्वस्त मंडळापुढे तसा प्रस्ताव ठेवला आहे.

स्कॅनच्या यंत्रावर अथवा प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावाची पाटी लावताना आम्हाला नेहमीच आनंद होतो. तळघरातील टाकीवर लावलेली पाटी तंत्रज्ञांखेरीज कोणी वाचणार नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. मात्र त्या टाकीमुळे एखाद्या रुग्णाचा उपचार काही आठवडे लवकर होईल आणि रुग्णालयाच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांना तिच्या अस्तित्वाची जाणीवही होणार नाही. या कामाचे यश याहून वेगळे नाही.