जप्त केलेल्या कादंबऱ्या

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. त्या तीस वर्षांत मुलांना जेवढी पुस्तकं वाचायला दिली, बहुधा तेवढीच त्यांच्या हातातून काढूनही घेतली. दिलेली पुस्तकं परत येऊन ग्रंथालयात जमा झाली. काढून घेतलेली मात्र माझ्याकडेच राहिली. उमेळ्याला आमच्या घराच्या माळ्यावर, एका पत्र्याच्या ट्रंकेत ती पडून होती. त्या ट्रंकेचा मला विसरही पडला होता.

आठवण करून दिली ती एका जुन्या विद्यार्थिनीनं. वसई स्टेशनबाहेर भाजी घेताना भेटली. आता तिचेच केस पिकलेत. पाया पडली, विचारपूस केली, आणि निघताना हसत म्हणाली, “बाई, नववीत माझं एक पुस्तक घेतलं होतंत. आहे का हो अजून? शेवटची पंधरा-वीस पानं राहिली होती.” मला काही उत्तर सुचेना. पुस्तक कुठलं ते आठवत नव्हतं. तिचा चेहरा मात्र आठवला, कारण त्या पुस्तकातला एक परिच्छेद मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला होता. सगळा वर्ग हसला होता, ती एकटी सोडून.

घरी आले आणि ट्रंक खाली उतरवून घेतली. एकोणतीस पुस्तकं निघाली. पाच-सहा वाळवीनं खाल्लेली. उरलेल्यांचे सरळ दोन ढीग झाले: एक प्रेमाच्या कादंबऱ्यांचा आणि दुसरा भुताखेतांच्या. बऱ्याच पुस्तकांवर भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांचे शिक्के होते. म्हणजे जप्ती मी केली आणि दंड त्या मुलांनी भरला. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मी ती सगळी पुस्तकं वाचली. आज बोलायचं आहे ते त्या वाचनाबद्दल.

प्रेमाच्या ढिगात सर्वांत जास्त भरणा चंद्रकांत काकोडकरांचा. हे नाव काढलं की आमच्या पिढीतले शिक्षक कपाळाला आठ्या घालत. त्यांची ‘श्यामा’ नावाची कथा १९६२च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयानं लेखकाला सोडलं, पण उच्च न्यायालयात तो दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली त्यांना निर्दोष सोडलं. त्या निकालात एक मुद्दा आहे, तो मी आता वाचला आणि जरा वरमले. नुसता स्त्रीपुरुष संबंधांचा उल्लेख म्हणजे अश्लीलता असं मानलं, तर वाढत्या वयाच्या मुलांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, धार्मिक ग्रंथच तेवढे उरतील, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी लिहिलं आहे. आणि गंमत पाहा, ‘श्यामा’चा नायक कवी आहे आणि पेशानं शाळामास्तर!

म्हणजे मी पुस्तकं जप्त करत होते तेव्हा हा निकाल लागून कित्येक वर्षं झाली होती. त्याच सुमारास वर्गात मी खांडेकरांच्या ‘ययाति’चं तोंड भरून कौतुक करत असे. १९५९ सालची ती कादंबरी, पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं. ‘ययाति’चा विषय काय? वासना. पण ती पुराणातली, राजवाड्यातली, म्हणून चालणारी. काकोडकरांची नायिका आपल्यासारखी बसच्या रांगेत उभी राहणारी, म्हणून ती ट्रंकेत.

आता तुम्ही म्हणाल, बाई काकोडकरांची वकिली करायला निघाल्या. तसं नाही. त्या ढिगातल्या निम्म्याअधिक कादंबऱ्या मला आजही कच्च्याच वाटल्या. नायक-नायिकेमधला अडथळा हा त्यांच्या स्वभावातून किंवा परिस्थितीतून येत नाही. लेखकाला दोनशे पानं भरायची असतात म्हणून तो आणून ठेवलेला असतो. पत्र चुकीच्या हातात पडतं, नायिका अर्धवट वाक्य ऐकून निघून जाते, अपघातात कुणाची तरी स्मृती जाते. असं आलेलं संकट तसंच योगायोगानं निघूनही जातं. वाचकाचं काही खर्च होत नाही. फडक्यांच्या हाताखालून गेलेली ही रीत, पण फडक्यांची सफाई या नकलांमध्ये नाही.

मात्र ज्या कादंबऱ्यांत अडथळा घरातून येतो, त्या वाचताना मी खाली ठेवू शकले नाही. धाकट्या भावाचं शिक्षण, विधवा आई, चाळीतली एकच खोली, मोठ्या भावाचे उपकार. मुंबईच्या आसपासच्या प्रेमाचा खरा प्रश्न ‘तिचं त्याच्यावर प्रेम आहे का’ हा नसून ‘खोली मिळेल का’ हाच असतो, हे या लेखकांना पुरतं ठाऊक होतं. काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’वरून राज खोसला यांनी ‘दो रास्ते’ काढला, तोही १९६९ साली. म्हणजे ज्या वर्षी लेखक अश्लीलतेच्या आरोपातून सुटला, त्याच वर्षी त्याच्या गोष्टीवरचा चित्रपट अख्खं कुटुंब मिळून पाहत होतं. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांची पुस्तकंही ट्रंकेत होती. ती मुलींकडून घेतलेली. त्यातलं सासर-माहेर आणि त्यातली तडजोड मी चौदाव्या वर्षीच्या मुलींना वाचू दिली नाही. वाचायला हवी होती ती त्यांनीच. कित्येकींची लग्नं दहावीनंतर चार वर्षांच्या आत झाली.

सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ या ढिगातली एकच अशी, की जी आजची मुलंही मागून नेतात. १९८२ सालची कादंबरी, २०१३ साली चित्रपट आल्यावर तिला पुन्हा बहर आला. तिच्यातली बोलणी अजून ताजी आहेत. माझी तक्रार एवढीच, की त्या कट्ट्यावरून मुली दिसतात, पण मुलींकडून तो कट्टा कसा दिसतो ते फारसं कळत नाही.

दुसरा ढीग भुतांचा. पावसात वीज गेलेली, छपरावर धो धो, आणि हातात नारायण धारप. वय सत्तरीच्या पुढे असून दोनदा उठून मागचं दार लावलंय का ते पाहून आले, हे कबूल करते. धारपांच्या ‘समर्थ’ कथांत भीती कितीही वाढली तरी शेवटी समर्थ येणार याची खात्री असते. आजारी मुलाला डॉक्टरची गाडी दारात थांबल्याचा आवाज यावा तसं वाटतं. मुलांना ते का आवडत असेल ते आता समजलं.

ट्रंक संपली तरी चटक सुटेना, तेव्हा धारपांची ‘लुचाई’ मागवली. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’वर ती बेतलेली. रक्त पिणाऱ्या पिशाचाची जात आपल्याकडची नव्हे. ते शवपेटीत झोपतं, क्रूसाला भितं, बोलावल्याशिवाय घरात शिरत नाही. मराठी लेखकानं ते आणलं की त्याला क्रूसाच्या जागी काय ठेवायचं हा प्रश्न पडतो. आमच्या वसईत वळणावळणावर क्रूस उभे, तेव्हा तेवढ्यापुरते आम्ही सुरक्षित! पण विचार करता एक मोठा फरक दिसला. त्या परदेशी पिशाचाला फक्त भूक असते. आपल्या भुताचं काहीतरी राहिलेलं असतं.

आठवून पाहा. मुंजा कोण? मुंज झाली, पण लग्नाआधी गेला तो मुलगा. तो पिंपळावर राहतो. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई. लहानपणी आमची आजी तिन्हीसांजेला बावखलाच्या काठी जाऊ देत नसे. तिथं कुणी जीव दिलेली सून आहे म्हणे. त्या सुनेला कसला जाच होता ते आजी सांगत नसे, पण बायका कुजबुजत ते आमच्या कानांवर येई. भूत म्हणजे अर्धवट राहिलेला संसार. प्रेमाची कादंबरी लग्नापाशी थांबते आणि जे लग्नानं मिटलं नाही, किंवा लग्नच झालं नाही म्हणून जे उरलं, तिथून भुताची गोष्ट सुरू होते. ट्रंकेतले माझे दोन ढीग दिसायला वेगळे, पण माणसं तीच आहेत. आता आमच्याकडची कितीतरी बावखलं बुजली, वर इमारती आल्या. त्या सुनेनं जायचं कुठं, हा एक प्रश्नच आहे.

हे धागे सर्वांत नीट ओळखले ते रत्नाकर मतकरींनी. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ हे त्यांचे संग्रह. त्यांनी आपल्या कथांना गूढकथा म्हटलं, आणि तो शब्दांचा खेळ नाही. भयकथेत संकट बाहेरून येतं आणि वाचकाला ते दिसतं. गूढकथेत जे घडतंय ते खरोखर घडतंय की त्या माणसाच्या मनात आहे, हे कळत नाही. समर्थ तिथं येत नाहीत. शेजारच्या ब्लॉकमधला, नोकरी करणारा, बायकोशी बरा वागणारा माणूस असतो, आणि हळूहळू आपल्याला त्याच्याचबद्दल शंका येऊ लागते. धारपांना वाचून मी मागचं दार लावलं. मतकरींना वाचून दार लावावंसं वाटलं नाही, कारण जे काय होतं ते आतच होतं. माझ्या मते मतकरी उजवे. पण तापात पडले तर धारपच मागेन.

आणखी एक सांगते, शिरवळकरांची ‘समांतर’. २०२० साली तिच्यावर मालिका आली म्हणून ती पुन्हा चर्चेत आली. त्यात भूत नाही. आपल्या हातावरच्या रेषा दुसऱ्या एका माणसाच्या हातावर आधीच होत्या, आणि तो जे जगला तेच आपल्याला जगायचं आहे, असं नायकाला कळतं. पुढं काय होणार ते आधी माहीत झालं, तर माणूस ते टाळेल की त्याच्याकडेच धावत जाईल? कल्पना अशी जबरदस्त, की लिहिताना कुठंकुठं घाई झाली आहे ते मी माफ केलं.

राहता राहिलं त्या विद्यार्थिनीचं पुस्तक. ते सापडलं. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली पानंही गेलेली, त्यामुळे लेखक कोण ते आजही ठाऊक नाही. कादंबरी साधारणच. वर्गात वाचून दाखवलेला परिच्छेद शोधला. नायिका नायकाला म्हणते, की मला कुणी कधी काय हवंय असं विचारलंच नाही. एवढंच होतं त्यात. यावर आम्ही हसलो होतो.

पुस्तक शिवून घेतलं, खाकी कव्हर घातलं आणि तिच्या घरी नेऊन दिलं. चहा टाकता टाकता तिनं विचारलं, “बाई, तुम्ही वाचलंत? शेवटी येतात का हो ते एकत्र?”

“येतात,” मी म्हणाले. “पण अगदी शेवटच्या पानावर. आणि तेही योगायोगानं.”

“मग चालेल,” ती म्हणाली, आणि पुस्तक फ्रिजवर ठेवून कप काढायला लागली.