टॅब द्यायचे, पण त्याआधी

शीवच्या आमच्या मंडळीत मदतनिधीचा विषय निघाला की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो, "ताई, आदिवासी मुलांना टॅब देऊ या का?" प्रश्नामागची कळकळ मला कळते. तरी 'हो' म्हणताना मी अडखळते. काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेला देणगीत आलेले टॅब मी कपाटात कुलूपबंद पाहिले आहेत. एखादा फुटला तर भरपाई कोण करणार, या धास्तीने ते मुलांच्या हाती पडलेच नव्हते. शिक्षकांना ते कसे वापरायचे, हेही कुणी दाखवले नव्हते.

याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण पाहा. माढा तालुक्यातल्या तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पालकांचा मोबाईल त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर धरला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. २०२० साली गुरुजींना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. ही गोष्ट आपण सारे आवडीने सांगतो. मला मात्र त्या चौकोनाचे स्वस्तपण अधिक मोलाचे वाटते. कोड कागदावर छापायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

हा कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार झाला. आपल्या पुस्तकांवरच्या चौकोनात धडा नसतो, धडा कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. म्हणून पाड्यावर नेटवर्क नसेल तर पत्ता हातात असूनही घर सापडत नाही. यावर तोड आहे. दीक्षा ॲपमधले अनेक धडे आधी डाउनलोड करता येतात. शिक्षक बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले की आठवड्याचे धडे मोबाईलमध्ये भरून आणू शकतात. मग एक मोबाईल आणि एक छोटा स्पीकर एवढ्यावर तीस मुलांचा वर्ग चालतो.

दुसरी अडचण भाषेची. पहिलीतले मूल घरी वारली किंवा काथोडी बोलते आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी ऐकते. उत्तम व्हिडिओ लावला तरी त्याला तो परकाच. इथे पाड्यावरची आजी उपयोगी पडते. तिने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करावी, वर्गात ऐकवावी आणि मग तीच गोष्ट मराठीत सांगावी. यासाठी इंटरनेटही लागत नाही.

व्हिडिओ लावून शिक्षक बाहेर निघून गेले तर मात्र मुले नुसती बघत बसतात. दोन-तीन मिनिटांनी थांबवून "पुढे काय होईल?" असे विचारायला हवे. पाण्याचे चक्र दाखवले, तर लगेच झाकण ठेवलेल्या पातेल्यातली वाफही दाखवावी. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी वस्तीत संदीप गुंड या शिक्षकांनी डिजिटल शाळा उभी केली आणि नंतर इतर शिक्षकांनाही ते शिकवत राहिले. हे दुसरे काम मला जास्त महत्त्वाचे वाटते.

तेव्हा देणगीदारांना माझी विनंती अशी. टॅब जरूर द्या, पण त्याआधी शाळेत वीज किती तास असते ते विचारू. स्पीकर, मेमरी कार्ड, सौर चार्जर आणि दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवू. वस्तू फुटली तर शिक्षकाच्या पगारातून वसुली होणार नाही, असे लेखी कळवू. आणि घरातले जुने मोबाईल देणार असाल तर बॅटरी तपासून, आपले फोटो व नंबर पुसून, चार्जरसह द्या. मागच्या वेळी आलेल्या खोक्यात चार्जर एकही नव्हता.