विश्लेषण : हंगामापुरता जागा होणारा ई-मेल स्पॅममध्ये का जातो?

समजा, देवगडचा एक बागायतदार थेट ग्राहकांना हापूस विकतो. पाच-सहा हंगामांत त्याच्याकडे २० हजार ग्राहकांचे ई-मेल पत्ते जमले आहेत. जूनमध्ये शेवटची पेटी रवाना झाली की तो गप्प. पुढचा मेल थेट पाडव्याच्या सकाळी, 'बुकिंग सुरू', सगळ्या २० हजार जणांना एकदम. माल अस्सल आहे, पत्ते ग्राहकांनीच दिलेले आहेत. तरीही संध्याकाळपर्यंत मागणी येते ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मेल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र बहुतेक मेलपुढे 'डिलिव्हर्ड' असेच दिसते.

गोंधळ या शब्दापासूनच सुरू होतो. डिलिव्हर्ड म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला, एवढेच. तो इनबॉक्समध्ये ठेवला की स्पॅममध्ये टाकला, हे त्यातून कळत नाही. तो निर्णय होतो पाठवणाऱ्याच्या पतीवरून.

ही पत ठरते कशी?

जीमेल, याहू, आऊटलुक यांसारख्या सेवा प्रत्येक डोमेनचा आणि मेल ज्या आयपी पत्त्यावरून येतो त्याचा पूर्वेतिहास ठेवतात. किती जणांनी मेल उघडला, किती जणांनी स्पॅमचे बटण दाबले, किती पत्ते बंद निघाले, याची नोंद होते. त्याचबरोबर या डोमेनवरून एरवी किती मेल येतात, हेही पाहिले जाते. नऊ महिने व्यवहार नसलेल्या बँक खात्यातून एका सकाळी २० हजार व्यवहार झाले, तर बँकही खाते तपासायला घेईल. तसेच हे.

संशयाला कारण आहे. स्पॅम पाठवणाऱ्यांची एक ठरलेली पद्धत असते. नवे डोमेन घ्यायचे किंवा कुणाचे तरी पडून असलेले डोमेन ताब्यात घ्यायचे आणि ते काळ्या यादीत जाण्याआधी काही तासांत लाखो मेल सोडायचे. फिल्टरला आंबा दिसत नाही, आकडे दिसतात. आधी दीर्घ शांतता आणि मग अचानक पूर, या बाबतीत देवगडचा बागायतदार आणि भामटा सारखेच दिसतात. गुगलच्या प्रेषकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : मेल एकसारख्या गतीने पाठवा, एकदम लोंढा सोडू नका, संख्या हळूहळू वाढवा. नेहमीची संख्या अचानक दुप्पट केली तरी पत घसरू शकते, असा इशारा त्यात आहे.

पाडव्याच्या सकाळी नेमके काय घडते?

सर्व्हर आधी 'आता नको, नंतर या' असे सांगतो. तांत्रिक भाषेत, ४ ने सुरू होणारा त्रुटी क्रमांक परत येतो. मेल रांगेत थांबतात आणि सकाळची सवलत काहींपर्यंत रात्री पोहोचते. ५ ने सुरू होणारा क्रमांक आला तर मेल सरळ नाकारला गेला, असे समजायचे.

जुन्या यादीचे दुखणे वेगळेच. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या यादीतले काही पत्ते आज अस्तित्वातच नसतील. असे काही बंद पत्ते पुढे स्पॅमवाल्यांना पकडण्यासाठी सापळा म्हणूनही वापरले जातात. उरलेल्यांपैकी अनेकांना नऊ महिन्यांनी हा पाठवणारा कोण, हेच आठवत नाही. 'अनसबस्क्राइब' शोधण्यापेक्षा स्पॅमचे बटण दाबणे सोपे. बागायतदाराचे नुकसान सर्वाधिक होते ते इथेच.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रेषकांसाठी नियम कडक केले. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवे, ते ०.१ टक्क्यांच्या आत ठेवावे, ही गुगलची शिफारस. २० हजारांपैकी १२ हजार मेल जीमेलच्या इनबॉक्समध्ये पोहोचले असे धरले, तर ३६ जणांनी बटण दाबताच मर्यादा गाठली जाते. शिवाय २४ तासांत वैयक्तिक जीमेल खात्यांवर साधारण पाच हजार मेल एकदा जरी गेले, तरी गुगल त्या डोमेनला कायमचा 'बल्क सेंडर' मानते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही ओळखीची प्रमाणपत्रे आणि एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय मग सक्तीची होते. वर्षातला एकच दिवस होता, ही सबब चालत नाही.

व्हॉट्सॲपच्या काळात ई-मेल वाचतो कोण, असे कुणी म्हणेल. पण ऑर्डरची पावती आणि पेटी कधी पोहोचणार याची सूचना बहुधा याच डोमेनवरून जाते. जाहिरातीने पत घालवली की पावत्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात. पैसे भरलेला ग्राहक मग घाबरून फोन करतो. म्हणूनच पावत्यांसाठी वेगळे उपडोमेन ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

मग करायचे काय?

नियमित म्हणजे रोज नव्हे. महिन्यातून एक मेल पुरे : पावसाळ्यात बागेत काय चालले आहे, थंडीत मोहोर कसा आहे. ग्राहकाला नाव आठवत राहते आणि फिल्टरलाही. मात्र नको असलेला मेल कितीही नेमाने पाठवला, तरी तक्रारीच वाढतात. दोन हंगाम मेल न उघडणाऱ्यांना एकदा विचारून यादीतून वगळलेले बरे.

हंगामाआधीची चढण वेळेत सुरू करावी लागते. ॲमेझॉनच्या मेल सेवेत नवा स्वतंत्र आयपी पत्ता रुळवण्यासाठी ४५ दिवसांची मुदत धरली आहे. महिनाभर शांत राहिलेला आयपी पत्ता पुन्हा नव्यासारखाच धरावा, असा या व्यवसायातला संकेत आहे. हाच हिशेब लावला तर पाडव्याच्या मेलची तयारी माघी पौर्णिमेच्या सुमारास सुरू व्हायला हवी. आधी गेल्या वर्षीचे खरेदीदार, मग मेल उघडणारे, शेवटी बाकीचे. कुणाच्या सामायिक आयपीवरून मेल जात असतील, तर आयपी इतरांमुळे रुळलेला असतो. डोमेनची पत मात्र स्वतःलाच कमवावी लागते.

एकदा घसरलेली पत सावरायला अनेकदा काही आठवडे लागतात. हापूसचा मुख्य हंगामच मुळात दोन-अडीच महिन्यांचा.