सर्व कामांचं यान, पण एका वेळी एकच काम

मुलं संगणकावर यान उडवत बसली की ‘काय हे खूळ’ म्हणून आपण कामाला लागतो. या वेळी आम्ही शेजारी बसून तो खेळ शिकलो. त्याचं नाव ‘एलिट डेंजरस’. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी १९८४ साली ‘एलिट’ हा खेळ काढला, त्याचाच हा २०१४ मधला पुढचा अवतार. आपली अख्खी आकाशगंगा यात फिरता येते.

सुरुवातीला साइडवाइंडर नावाचं छोटं यान फुकट मिळतं. पैसे जमले की बरेच जण ‘कोब्रा मार्क थ्री’ घेतात. ते माल वाहतं, लढतं, दूरची सफरही करतं. दोन मध्यम आणि दोन लहान शस्त्रं त्यावर बसतात आणि ते लहान धक्क्यावरही उतरतं.

आम्ही फसलो ते इथेच. सगळं जमतं म्हणून सगळंच भरलं. महागडी शस्त्रं घेतली, उरलेल्या पैशांचा माल घेतला. वाटेत लुटारूंनी गाठलं आणि यान फुटलं. या खेळात विमा असतो, पण तसंच यान परत हवं तर त्याच्या किमतीच्या पाच टक्के भरावे लागतात. सजवलेलं यान वीस लाखांचं असेल तर एक लाख. आमच्याकडे तेवढे नव्हते. माल तर गेलाच, पुन्हा साइडवाइंडरवर आलो!

म्हणून पहिला नियम: विम्याचे पैसे बाजूला काढल्याशिवाय धक्का सोडायचा नाही.

दुसरं, निघण्याआधी काम ठरवा. यानाच्या भागांना ए ते ई अशा प्रती असतात. ए सर्वांत कार्यक्षम आणि महाग, डी सर्वांत हलकी. वजन कमी तितकी एका उडीत लांबची मजल. त्यामुळे सफरीला जाताना बरेचसे भाग डी प्रतीचे घ्यावेत, उडी मारणारं यंत्र मात्र ए प्रतीचं. सोबत ताऱ्याजवळून इंधन गोळा करणारा फ्युएल स्कूप हवाच. मात्र प्रत्येक तारा इंधन देत नाही, हे नकाशात आधी पाहावं. व्यापाराला जाताना शस्त्रं कमी करून मालाचे कप्पे वाढवावेत, ढाल मात्र काढू नये.

तिसरं, उडवण्याचं. यानाची वीज ढाल, इंजिन आणि शस्त्रं अशी तिघांत वाटायची असते. एकूण सहा ठिपके, एकाला जास्तीत जास्त चार. माल घेऊन पळायचं असेल तर इंजिनाला चार, ढालीला दोन. वेग दाखवणाऱ्या पट्टीवर निळा भाग असतो, तिथे वेग ठेवला की यान चटकन वळतं. धक्क्यावर उतरायचं असेल तर साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावर परवानगी मागावी.

दुसऱ्यांदा कोब्रा घेतलं तेव्हा आम्ही फक्त माल वाहिला आणि विम्याचे पैसे जमल्यावरच शस्त्रं घेतली. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं यानाचं होऊ दिलं नाही.

आज मुलं खेळायला बसली की विचारून पाहा, “काय रे, विम्याचे पैसे ठेवलेस का?” मग बघा, किती उत्साहाने सांगायला लागतात ती!