साठीचा गुडघा आणि वज्रासनाचा हट्ट

आंतरराष्ट्रीय योगदिनाची छायाचित्रे दरवर्षी सर्वजण पाहतात, आणि मैदानभर अंथरलेल्या चटयांचे कौतुकही यथासांग होते. आमची तक्रार निराळी आहे. ज्या वयात अशा सौम्य व्यायामाची खरी निकड उत्पन्न होते, त्या वयाच्या माणसाला बहुधा त्या चटईवर बसताच येत नाही, आणि बसलाच तर कोणी हात दिल्यावाचून उठता येत नाही, ही गोष्ट आयोजकांच्या खिजगणतीतही नसते.

दुखऱ्या गुडघ्याविषयी आपल्याकडे समजूत अशी की, वंगण संपले, वाटी झिजली, आता पायाला जितका आराम द्यावा तितके बरे. वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. स्पंज दाबावा नि सोडावा त्याप्रमाणे भार पडण्याने व उतरण्यानेच भोवतालचा पोषक द्रव तिच्यात खेळता राहतो. शिवाय दुखते म्हणून माणूस चालणे कमी करतो, चालणे घटले म्हणून मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो, आणि तो दुबळा झाला म्हणजे जिना उतरताना सारा हिसका थेट सांध्यावर येतो.

हे चक्र मोडण्याच्या कामी ताई ची या सौम्य चिनी व्यायामपद्धतीने पाश्चात्त्य वैद्यकाच्या दप्तरात आपली नोंद पक्की करून घेतली आहे. तीत टाच प्रथम रिकामीच टेकते, मग वाकलेल्या गुडघ्यावर देहाचा भार सावकाश उतरतो, आणि तो पुरता स्थिरावल्यावरच दुसरे पाऊल उचलले जाते. बोस्टनच्या टफ्ट्स वैद्यकीय केंद्रातील डॉ. चेनचेन वांग यांनी २०१६ मध्ये २०४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा आठवड्यांअंती ताई ची आणि रीतसर फिजिओथेरपी यांनी वेदनेला दिलेला उतार सारखाच भरला; मनाची खिन्नता मात्र ताई चीच्या गटात अधिक ओसरली. आपण कोणता व्यायाम करीत आहो हे रुग्णापासून लपविता येत नसल्यामुळे अशा चाचण्यांत उत्साहाचाही काही वाटा असणारच. तथापि म्हातारपणी उत्साह वाढणे हा काही दोष नव्हे.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ताई चीची ठाम शिफारस केली, योगाची सशर्त. आणि ज्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर आपल्याकडील मंडळी भक्तिभावाने खर्च करतात त्यांच्याविरुद्ध तितकाच ठाम कौल दिला. योगाला दुय्यम स्थान मिळाल्याने आपल्या अभिमानाला ठेच लागेल, पण हा पक्षपात नव्हता. त्या दस्तऐवजाच्या प्रमुख लेखिका डॉ. शॅरन कोलासिन्स्की यांनीच २००५ मध्ये अय्यंगार पद्धतीच्या योगाचा गुडघ्यावरील परिणाम तपासला होता, आणि त्यांच्या हाती पूर्ण मोजमाप लागले ते अवघ्या सात जणांचे. पुरावाच तोकडा होता. पुढे २०२५ मध्ये टास्मानियातील ११७ रुग्णांच्या चाचणीत योग हा स्नायुबलवर्धक व्यायामाहून उणा नाही असे दिसून आले, तेव्हा दाव्याला थोडे बळ आले.

आमच्या मते या प्रश्नातील मर्म बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात केव्हाच ओळखले होते. विटा, पट्टे, दोर, खुर्ची, भिंत ही सारी सामग्री त्यांनी आसनाच्या दिमतीस लावली. म्हणजे देहाने आसनापुढे शरण जाण्याऐवजी आसनच देहाच्या कुवतीपर्यंत खाली उतरले. त्रिकोणासनात पाठीशी भिंत आणि हाताखाली वीट असली, तर सत्तरीचा मनुष्यही तोल न जाता मांडीचे स्नायू आवळून उभा राहू शकतो. हे न जाणता, गुडघा सुजलेल्या वृद्धेस वज्रासनात बसविण्याचा हट्ट धरणारे शिक्षक गल्लोगल्ली आढळतात. अशांच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी येथे खुर्ची आहे काय, एवढे विचारावे. व्यायामानंतरची थोडी ठणक दुसऱ्या दिवसापर्यंत शमत असेल तर चिंता नको. सांधा गरम लागू लागला किंवा सूज वाढली, तर मात्र आसने तहकूब ठेवून डॉक्टरांकडे जावे.